घरखर्च आवरायचाय? सुरुवात भाजीपासून करू नका, हा क्रम धरा

महागाई वाढली की बहुतेक घरांत पहिली कात्री कुठे लागते, तर दुधाच्या पिशवीवर, फळांवर आणि पोरांच्या डब्यावर, कारण तो खर्च रोज डोळ्यांसमोर होतो. तिकडे मोबाईलमधून आपोआप कापले जाणारे पैसे, क्रेडिट कार्डाचं व्याज, स्टेशनपर्यंतची रोजची रिक्षा हे सगळं तसंच चालू राहतं. पंधरा दिवस घरात चिडचिड होते, महिनाअखेरीस हातात काही उरत नाही आणि मग "आपल्याच्याने हे जमत नाही" म्हणून विषय संपतो. जमतं हो, फक्त क्रम उलटा लागलेला असतो. आमच्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणी हिशोबाच्या वह्या घेऊन माझ्याकडे येतात आणि जवळजवळ प्रत्येकीची हीच चूक दिसते, म्हणून सगळं नीट क्रमाने लिहून काढतेय. मुंबईतलं घर धरून लिहिलंय, म्हणजे जागा कमी, हवा दमट आणि वेळ कुणालाच नाही हे गृहीत धरून.

तयारी: कात्री हातात घेण्याआधी

एक शंभर पानी वही आणि तिला दोरीने बांधलेलं पेन, हे स्वयंपाकघरात किंवा दाराजवळ ठेवा. मोबाईलमधलं ॲप चालेल पण ते एकाच्याच मोबाईलमध्ये असतं, सासूबाई आणि शाळेतला मुलगा त्यात लिहीत नाहीत, वहीत सगळे लिहितात. मागच्या तीन महिन्यांची लाईट बिलं, गॅसचं बिल किंवा बाटला (सिलिंडर) घेतल्याच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट आणि कार्ड असेल तर त्याचं स्टेटमेंट एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. घरात छोटा वजनकाटा असेल तर उत्तम, पुढे लागणार आहे.

आणि घरातल्या कमावणाऱ्या सगळ्यांना एकदा समोर बसवा. एकीनेच काटकसर करायची आणि बाकीच्यांना पत्ताच नाही, असं केलं तर दुसऱ्या आठवड्यात भांडण ठरलेलं.

१. पहिला महिना नुसतं लिहायचं, काहीही कापायचं नाही

इथेच सगळ्यांची घाई होते. लिहायला बसल्या दिवसापासून लोक खर्च कमी करायला लागतात आणि मग त्या महिन्याचा आकडा खोटा येतो, म्हणजे नेहमीचा खर्च किती हे कळतच नाही. पहिला महिना जसं चाललंय तसंच चालू द्या.

रोज रात्री जेवण झाल्यावर लिहा: तारीख, काय घेतलं, किती रुपये, आणि रोख दिले की यूपीआय की कार्ड. आठवड्याचं एकदम रविवारी लिहू म्हटलं की चहा, वडापाव, शेअर रिक्षा, झेरॉक्स हे सगळं विसरलं जातं आणि गळती नेमकी त्यातच असते. वाण्याकडे खातं असेल तर पैसे देता त्या दिवशी नाही, सामान आणता त्या दिवशी लिहायचं, कार्डाचंही तसंच. "इतर" नावाचा रकाना करूच नका, दोन आठवड्यांत सगळं त्याच्यातच जाऊन बसतं.

हा महिना गणपतीचा, दिवाळीचा किंवा मे महिन्याच्या सुट्टीचा नसेल तर बरं. तोच आला तर सणाचा खर्च मागच्या पानावर वेगळा लिहा.

*तपासा:* महिन्याच्या सुरुवातीला खात्यात आणि हातात किती होते त्यात महिन्यात आलेले पैसे मिळवा, आणि अखेरीस उरले ते वजा करा. वाण्याचं किंवा कार्डाचं जे लिहिलंय पण अजून दिलेलं नाही ते यात मिळवा, आणि या महिन्यात मागचं थकलेलं दिलं असेल तर ते वजा करा. हा आकडा आणि वहीची बेरीज यात शंभरामागे पाच रुपयांपेक्षा जास्त फरक असेल तर काहीतरी लिहायचं राहिलंय, पुढे जाऊ नका, घरात विचारा.

२. आकडे वेगळे करा, आणि कशाला हात लावायचा नाही ते आधी ठरवा

वहीतल्या नोंदी चार भागांत वाटा. ठरलेला खर्च म्हणजे भाडं, हप्ते, मेंटेनन्स, फी. वापरावर येणारा खर्च म्हणजे लाईट, गॅस, मोबाईल, प्रवास. मग पोटाचा खर्च. आणि उरलेलं सगळं. लोक तिसऱ्या भागातून सुरुवात करतात, आपण करायची पहिल्या दोन भागांतून, कारण तिथे एकदा बदल केला की दर महिन्याला आपोआप वाचतं, रोज मन मारावं लागत नाही.

आता एक यादी वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा. मुलांचं दूध-अंडी, म्हाताऱ्या माणसांची फळं, बीपी-शुगरच्या गोळ्या, मेडिक्लेमचा हप्ता आणि कामाला येणाऱ्या बाईंचा पगार. या पाच गोष्टींना कात्री लागणार नाही. बाईंच्या घरीही तीच महागाई आहे, त्यांचे दोनशे कापून आपलं घर चालवायचं हे मला अजिबात पटत नाही.

गोळ्या दिवसाआड घेऊन पैसे वाचवणारे लोक मी बघितलेत, कृपा करून असं करू नका. त्याऐवजी जनऔषधी केंद्रात जा, तिथे तेच औषध जेनेरिक नावाने बरंच स्वस्त मिळतं. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असतं, औषधाचं मूळ नाव आणि किती मिलिग्रॅम ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि दुकानात तेच जुळवून बघा. सर्दी-तापासाठी पालिकेचा "आपला दवाखाना" जवळ असेल तर तिथे तपासणी आणि औषधं मोफत आहेत. मेडिक्लेम तर बंद करूच नका, एकदा पॉलिसी तुटली की नवीन घेताना जुन्या आजारांचा वेटिंग पीरियड, म्हणजे त्या आजाराचा खर्च मिळत नाही तो काळ, पहिल्यापासून मोजला जातो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, नूतनीकरणाच्या पावतीवर तो लावलेला नाही ना, बघून घ्या.

३. न विचारता जाणारे पैसे बंद करा

यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट असा भाग असतो तो उघडा आणि यादी बघा. सहा महिन्यांपूर्वी एका मालिकेसाठी घेतलेलं सबस्क्रिप्शन, मुलाने घेतलेली गेम, न जाणाऱ्या जिमचा हप्ता, हे सगळं तिथे बसलेलं असतं. "एकोणपन्नास रुपयेच तर आहेत" असे चार-पाच जमले की सुट्टीच्या दिवसाची मासळी त्यात येते. मोबाईल रिचार्जचं पण बघा, घरात वायफाय असेल तर घरातच बसणाऱ्या माणसाला रोज दोन जीबीचा प्लॅन कशाला लागतो.

मग क्रेडिट कार्ड. स्टेटमेंटवर "मिनिमम ड्यू" असं लिहिलेलं असतं आणि बरेच जण तेवढेच भरतात, वाटतं की झालं. तसं होत नाही. उरलेल्या रकमेवर महिन्याला साधारण साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाचं चाळीसच्या वर गेलं, आणि त्या काळात कार्डावर नवीन काही घेतलं तर त्यालाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. घरात दुसरी कुठलीही काटकसर करण्याआधी ही थकबाकी संपवा. एकरकमी जमत नसेल तर कार्ड वापरायचं थांबवा आणि बँकेकडून ती रक्कम कमी व्याजाच्या हप्त्यांत करून घ्या, पण आधी प्रोसेसिंग फी किती ते विचारा.

*सावध:* ऑटोपे बंद करताना विम्याचा, आरडीचा (दरमहा ठेवीचा) आणि घराच्या कर्जाचा मॅन्डेट चुकून बंद करू नका. नाव वाचून, रक्कम जुळवून मगच बंद करा.

४. लाईट बिल: आधी वाचा, मग बटणं बंद करा

बेस्ट असो, अदानी, टाटा पॉवर किंवा मुलुंड-भांडुपकडे महावितरण, बिलात बघायच्या गोष्टी सारख्याच. पहिलं म्हणजे रीडिंग खरं आहे की सरासरी. मीटर बंद खोलीत असेल, रीडिंग घेणारा आत जाऊ शकला नसेल तर अंदाजाने बिल येतं आणि नंतर एकदम फरक येतो. मीटरचा फोटो काढून बिलावरच्या आकड्याशी लावा.

दुसरं, युनिटचे टप्पे असतात, १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. लोकांना वाटतं ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळी वीज महाग दराने धरतात. तसं नसतं, वरच्या टप्प्यातल्या युनिटनाच वरचा दर लागतो. पण याचाच अर्थ असा की तुम्ही वाचवलेली युनिट ही सगळ्यात महाग युनिट असतात, म्हणून ३३० वरून २९० वर आलात तर फायदा चांगला दिसतो.

आता कुठे वाचवायचं. एक हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट, एवढं लक्षात ठेवा आणि घरातली प्रत्येक वस्तू मोजा.

जुना पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. मुंबईत तो रोज पंधरा तास तरी चालतो, म्हणजे महिन्याला ३४ च्या आसपास युनिट. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, तोच वापर साडेतेरा युनिट. एका पंख्यामागे वीस युनिट महिन्याला. सगळे पंखे एकदम बदलू नका, जो सगळ्यात जास्त चालतो तो हॉलमधला किंवा झोपायच्या खोलीतला आधी बदला, वाचलेल्या पैशात पुढचा. एरवी बंदच असलेल्या खोलीतला पंखा बदलून काही मिळत नाही.

गिझर २००० वॅटचा, अर्ध्या तासात एक युनिट जातं. सगळ्यांनी पाठोपाठ अंघोळी केल्या तर एकदाच तापवावं लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणीच कोमट असतं. सेट टॉप बॉक्स नुसता रिमोटने बंद केला तर आतून चालूच असतो, दहा वॅटने धरलं तरी महिन्याला सात युनिट, रात्री भिंतीवरचं बटण बंद करा. एसी असेल तर २६ वर ठेवून पंखा हळू लावा आणि महिन्यातून दोनदा जाळी धुवा. फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे हवा खेळायला हवी, आणि दाराचा रबर सैल झालाय का ते कागदाची पट्टी दारात अडकवून बघा, सहज ओढून निघाली तर रबर बदलायला झालाय.

*चूक टाळा:* मोबाईलचा चार्जर काढून ठेवण्यावरून घरात आरडाओरडा आणि गिझर तासभर चालू. आधी मोठ्या वस्तू.

५. गॅस

बाटला येतो तेव्हा दारातच दोन गोष्टी बघा. कड्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या बाटल्याचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा, तेवढं भरायला हवं. पट्टीवर १५.३ असेल तर एकूण २९.५. आणणाऱ्याकडे काटा असायला हवा, मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. तिथेच ए, बी, सी, डी पैकी एक अक्षर आणि वर्ष असतं, ती बाटल्याच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत उलटून गेली असेल तर परत करा.

बाटला लावला ती तारीख त्यावर खडूने लिहा. किती दिवस गेला हे वहीत आलं की कमी-जास्त लगेच कळतं. पाईपचा गॅस असेल तर महानगर गॅसचं बिल दोन महिन्यांचं असतं, वहीत ते दोन भागांत लिहा, नाहीतर एक महिना स्वस्त आणि एक महिना महाग असं खोटं चित्र दिसतं.

वाचवायचं कसं? डाळ-तांदूळ अर्धा तास भिजत घाला, कडधान्य रात्रभर. कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे तिन्ही भांडी एकावर एक लावा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा, मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजत बसलं तर नुसती वाफ बाहेर जाते. फ्रीजमधलं दूध आधी बाहेर काढून ठेवा. ज्योत पिवळी दिसायला लागली किंवा भांड्यांची बुडं काळी व्हायला लागली की बर्नर काढून साबणाच्या पाण्यात भिजवून सुईने भोकं साफ करा.

*सावध:* रबरी नळीवर खर्च वाचवायचा नाही. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायचीच, वर तारीख छापलेली असते.

६. किराणा: यादी, मग कपाट, मग दुकान

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त प्रयत्न इथेच होतात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच.

क्रम असा. आधी कपाट उघडा आणि काय उरलंय ते बघा. मग यादी करा. मग यादीसमोर मागच्या महिन्याचा भाव लिहा. आणि मग घराबाहेर पडा, तेही जेवून. बरेच जण थेट दुकानात जातात आणि तिथे गेल्यावर आठवेल ते उचलतात, घरी आल्यावर कळतं की रवा दोन किलो होताच.

रेशनकार्ड कपाटात पडून असेल तर आधी ते काढा. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. कार्ड गावचं असलं तरी मुंबईतल्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. पण घरातल्या प्रत्येक नावाचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालेलं हवं, ते राहिलं म्हणून एखाद्या माणसाचं धान्य अडकलेलं असेल तर दुकानदाराकडे विचारून पूर्ण करून घ्या. तो तांदूळ लगेच आवडत नाही हे मान्य, इडली-डोशाला, घावनाला आणि भाकरीच्या पिठात तो छान चालतो, विकतचा तांदूळ तेवढा कमी लागतो.

दुकानात गेल्यावर पाकिटाची किंमत बघू नका, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव बघा. आता पाकिटावर तो छापणं कंपन्यांना बंधनकारक आहे, एमआरपीच्या जवळपास बारीक अक्षरात असतो. किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी केलेलं यातूनच पकडता येतं. मोठं पाकीट स्वस्तच पडतं असंही नाही, शाम्पूची छोटी पुडी कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा मिलिलिटरला स्वस्त निघते, दरवेळी भाग देऊन बघा.

तेलाचं खास सांगते. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. बाजारात हल्ली ८५० ग्रॅम, ८०० ग्रॅम, त्याहूनही कमी वजनाच्या पिशव्या अगदी लिटरसारख्या दिसतात आणि दहा-पंधरा रुपयांनी स्वस्त वाटतात. ग्रॅमचा आकडा वाचा. पंधरा लिटरचा आणि पंधरा किलोचा डबा हे पण वेगळे, पंधरा लिटरमध्ये तेल साडेतेरा किलोच्या आसपासच असतं.

साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल यांच्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १८ वरून ५ टक्के झाला, तूप-लोण्यावरचा १२ वरून ५. तुमचा दुकानदार अजून जुन्याच भावाने देत असेल तर विचारा. वजनात किंवा एमआरपीत फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे.

"एकावर एक फ्री" ला हात घालताना एकच प्रश्न, हे यादीत होतं का? नसेल तर ते फुकट नाही, पहिल्याचे पैसे गेलेच. दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ॲपवरही तेच, डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून नव्वद रुपयांचं नको असलेलं सामान भरलं जातं आणि वर हँडलिंग चार्ज असतोच. अडीनडीला वापरा, पण त्या नोंदीखाली वहीत लाल रेघ मारा. महिनाअखेरीस लाल रेघा मोजल्या की कपाट बघून यादी करायची सवय आपोआप लागते.

घाऊक कुठे घ्यायचं? मशीद बंदर, वाशीचं एपीएमसी, लालबाग, सगळीकडे भाव उतरतो, पण एकट्या घरासाठी दगदग आणि गाडीभाडं धरलं तर उरत नाही. मजल्यावरच्या तीन-चार घरांनी मिळून डाळी, साखर, शेंगदाणे, मिरची घेतली आणि घरी काट्यावर वाटून घेतली तर मात्र खरंच परवडतं. वाटणी करताना पैसे आधी जमा करा, नंतर मागायला लागलं की शेजार बिघडतो.

*सावध, साठवण:* गावच्यासारखी वर्षाची भरणी मुंबईच्या घरात करू नका. जागा नाही हे एक, आणि पावसाळ्यात डाळीला भुंगे, रव्याला पोरकिडे लागतात. जूनच्या आधी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भरा. तूरडाळ आणि गहू मे महिन्यात कडक उन्हात वाळवून, एरंडेल तेलाचा हलका हात लावून, कोरड्या डब्यात कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासोबत ठेवा. रवा-मैदा फ्रीजमध्ये. दळण पावसाळ्यात पंधरा दिवसांचंच आणा. वर्षाचा मसाला करायचा असेल तर मिरची एप्रिलमध्ये घेऊन डंकावरून मे संपायच्या आत कांडून आणा आणि बरणीत हिंगाचे खडे टाका.

७. भाजी आणि मासळी: स्वस्त आणण्यापेक्षा फेकली न जाणं महत्त्वाचं

एक आठवडा, काय सडलं आणि काय फेकलं तेवढंच वहीत लिहा. कोथिंबिरीची अर्धी जुडी, पिवळा पडलेला पालक, मऊ झालेली काकडी, आदल्या दिवसाची आंबलेली आमटी. त्या यादीसमोर पैसे लिहिले की कुठल्या बाजारात भाजी दोन रुपयांनी स्वस्त आहे हा प्रश्न मागे पडतो.

दादरला पहाटेच्या बाजारात भाव चांगला मिळतो, भायखळ्यालाही, पण तिथे पाव किलो-अर्धा किलो घेणाऱ्याचं काम नाही, म्हणून तेही वाटणीतच करा आणि ट्रेननेच या-जा, येताना टॅक्सी केली तर हिशोब संपला. स्टेशनबाहेर रात्री उशिरा भाजीवाले भाव उतरवतात. त्या वेळी दुधी, कोबी, भोपळा, वांगी, बटाटे घ्या, पालेभाजी नको, ती दिवसभर पाणी मारून ठेवलेली असते आणि सकाळपर्यंत काळी पडते.

आठवड्याचा ठरलेला मेनू भिंतीवर लावायचा प्रयत्न फार लोक करतात आणि बुधवारी तो मोडतो. त्याऐवजी फक्त वापरायचा क्रम ठरवा. भाजी आणल्यावर पहिले दोन दिवस पालेभाजी, पुढचे दोन दिवस भेंडी, गवार, फ्लॉवर, वांगी, त्यानंतर कोबी, दुधी, भोपळा, आणि आठवड्याच्या शेवटी मटकी-मूग-चवळीची उसळ किंवा पिठलं. कुठल्या दिवशी काय हे मोकळं ठेवा, क्रम पाळा.

आणल्या आणल्या अर्धा तास द्यायचाच. मेथी-कोथिंबीर निवडून, न धुता, कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात. मिरच्यांचे देठ काढून. कांदे-बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत, हवा लागेल असे. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी कांदा स्वस्त असतो म्हणून पोतं उचलायचा मोह होतो, पण पावसाळ्यात इथल्या हवेत तो कुजतो, पंधरा-वीस दिवसांचा पुरे. टोमॅटो स्वस्त असतील तेव्हा शिजवून, गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. पावसाळ्यात टोमॅटो एकदम चढतो तेव्हा त्याच वड्या, नाहीतर चिंच-कोकम आहेच. आपल्या आमटीला टोमॅटो लागतोच असं थोडंच आहे.

मासळी खाणाऱ्यांसाठी, १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात जे मिळतं ते महाग आणि बरंचसं बर्फातलं. त्या दोन महिन्यांची सोय मे महिन्यातच करा: सुके बोंबील, जवळा, सोडे. घरी आणून पुन्हा एक-दोन दिवस कडक ऊन द्या, गार झाल्यावर हवाबंद डब्यात भरा. बाकी दिवशी अंडी. नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा वाटे लावून मिळायला लागतं.

*सावध:* वाया जाऊ नये म्हणून आंबलेलं, वास येणारं अन्न घरच्यांना वाढू नका. उरलेला भात लवकर गार करून शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी नीट परतून फोडणीचा भात. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात टाकलेला बरा, पोट बिघडलं तर औषधाला त्याच्या कितीतरी पट जातात.

८. प्रवास

ट्रेनचा पास महिन्याचाच काढत असाल तर तीन महिन्यांचा बघा. तिमाही पासाला महिन्याच्या २.७ पट पैसे पडतात, म्हणजे दर तिमाहीला महिन्याच्या पासाचे तीस टक्के वाचतात. मात्र पुढच्या तीन महिन्यांत गावी जायची लांब सुट्टी असेल किंवा घरून काम असेल तर महिन्याचाच ठीक. कॉलेजच्या मुलांनी सवलतीच्या पासाचा अर्ज कॉलेजातून घ्यावा, बरेच जण कंटाळा करतात.

पण खरा पैसा ट्रेनमध्ये जात नाही, घर ते स्टेशनमध्ये जातो. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे. रोज जाताना-येताना एकट्याने केली तर ५२, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १३०० रुपये. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये दुप्पट झालं, साध्या बसला १० आणि एसीला १२, तरी रोज दोन्ही वेळा बसने महिन्याला ५०० होतात. सकाळी घाईत शेअर रिक्षा आणि संध्याकाळी बस किंवा चालत, एवढं जमलं तरी बराच फरक पडतो. रात्री उशिरा एकटीने येत असाल तर मात्र हा हिशोब बाजूला ठेवा आणि सरळ रिक्षा करा.

९. वर्षातून एकदा येणारे खर्च

सगळं नीट चाललेलं असतं आणि जून येतो. फी, वह्या, युनिफॉर्म, रेनकोट. मग गणपतीला गावी जायचं, मग दिवाळी, मग विम्याचा हप्ता. हे अचानक आलेले खर्च नाहीत, दरवर्षी येतात, तरी दरवर्षी त्यासाठी कार्ड घासलं जातं किंवा सोनं ठेवलं जातं. वहीच्या शेवटच्या पानावर बारा महिने लिहा, प्रत्येकासमोर तो खर्च आणि मागच्या वर्षीची रक्कम, सगळ्याची बेरीज करून बाराने भागा. तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला जायलाच हवी, तिला भाड्यासारखंच ठरलेल्या खर्चात धरा.

भिशी लावत असाल तर ओळखीच्या माणसांचीच आणि नंबर कधी येणार ते आधी कळेल अशी, म्हणजे जूनच्या आत उचलता येईल. जास्त व्याजाचं आमिष दाखवणाऱ्या भिशीत किंवा स्कीममध्ये फीचे पैसे घालू नका.

१०. वाचलेले पैसे त्याच दिवशी हलवा

आता इथवर येऊनही शेवटी चुकणारे खूप आहेत. लाईट बिल चारशेने कमी आलं, रिक्षाचे सहाशे वाचले, आणि ते त्याच खात्यात पडून राहिले की महिनाअखेरीस कुठे गेले कळत नाही. बिल भरलं की फरक लगेच दुसऱ्या खात्यात टाका, असं खातं ज्याला यूपीआय जोडलेलं नाही. पोस्टातली आरडी महिना शंभर रुपयांपासून सुरू होते. आधी एका महिन्याच्या घरखर्चाएवढे जमू द्या, मग तीन महिन्यांचे. आणि घरातल्या मुलांना यातला छोटासा वाटा त्यांच्या आवडीसाठी द्या, पंखा-दिवा बंद करायची आठवण मग तीच करून देतात.

११. दर तीन महिन्यांनी तपासणी

पाच आकडे बघायचे, बाकी काही नाही: लाईटची युनिट (रुपये नाही, कारण दर बदलतात), बाटला किती दिवस गेला, किराणा माणशी किती पडला, कार्डावर थकबाकी शून्य आहे का, आणि दुसऱ्या खात्यात किती जमले. पाहुणे येऊन गेले असतील, घरात आजारपण झालं असेल तर ते त्या आकड्याशेजारी लिहून ठेवा, म्हणजे उगाच घाबरायला होत नाही. एखादा आकडा सलग दोन तिमाही वाढत असेल तर फक्त त्याच पायरीवर परत जा, सगळीकडे एकदम कात्री लावत सुटू नका. मे महिन्याचं लाईट बिल जानेवारीशी लावू नका, मागच्या मे महिन्याशी लावा, आणि दिवाळीचा किराणा मागच्या दिवाळीशी.